जुनी गाडी तयार करायची की तयारच घ्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९६०च्या दशकातली, कित्येक वर्षं बंद पडलेली गाडी मिळतेय. गॅरेजवाल्याचा दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या दुप्पट आहे. तसलीच तयार गाडी त्या किमतीच्या अडीचपटीला मिळते. मुदत ठेव मोडून, गुंतवणूक म्हणून ही घ्यावी का?

गुंतवणूक म्हणून नको. किंमत १०० धरा, दुरुस्ती २००. म्हणजे ३०० घालून हाती २५०ची वस्तू. तेच ३०० ठेवीत दरसाल ७ टक्क्यांनी राहिले, तर ३ वर्षांत सुमारे ३६७ होतात.

आणि २०० हा आकडा गाडी उघडण्याआधीचा आहे. इंजिनाची सगळ्यांना धास्ती असते, पण खर्च फुगतो तो पत्र्यात. रंग खरवडला की दारांखालचा, फ्लोअरचा, चासीचा गंज दिसायला लागतो. कुजलेला भाग कापून नवा घडवून जोडायचा, हे काम तासांच्या मजुरीवर चालतं. किती तास लागतील ते कारागीरही आधी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, त्या बदलाव्याच लागतात. दुरुस्तीत ३० टक्के वाढ धरली तर एकूण ३६०. मला तरी ती जास्त वाटत नाही.

२०२२ मध्ये मर्सिडीजची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे १३.५ कोटी युरोंना विकली गेली, याचा दाखला तुम्ही दिलाय. तशा गाड्या जगात दोनच बनल्या. तुमचं मॉडेल, तुम्हीच लिहिता तसं, हजारोंनी निघालं.

हौस असेल तर तयार गाडी घ्या. दुरुस्तीतला तोटा आधीच्या मालकाने सोसलेला असतो. पण तीही ठेव मोडून नको, वरच्या शिलकीतून घ्या. विमा मात्र आधी ठरवलेल्या मूल्याचा उतरवा. साध्या पॉलिसीत घसारा वजा होतो आणि गाडी पूर्ण गेली तर हाती फारसं काही येत नाही.

वडिलांकडे अशीच होती म्हणून हीच हवी असेल (हे कारण मला गुंतवणुकीपेक्षा पटतं), तर सगळा पैसा खर्च समजून घाला. विसार देण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून तपासून घ्या, इंजिन आणि चासीचे क्रमांक कागदपत्रांशी जुळवा. विकणारा याला तयार नसेल तर दुसरी शोधा.