नोकरी गेलीय हे घरी कसं सांगू?

या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत, काम नसण्याचे आणि काम शोधण्याचे. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसत राहिली, जवळजवळ प्रत्येक जण कोणापासून तरी काहीतरी लपवतोय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : ताई, माझं वय ४४, भोसरीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत परचेसला होतो, अकरा वर्षं. दिवाळीनंतर आमचं डिपार्टमेंट दुसऱ्या प्लांटला हलवलं आणि आम्हाला राजीनामे द्यायला सांगितले. बायकोला माहितीय. वडील ७६ वर्षांचे, एसटीतून रिटायर, बायपास झालीय म्हणून त्यांना सांगितलं नाही, मुलांनाही नाही. रोज डबा घेऊन नेहमीच्या वेळेला बाहेर पडतो, निगडीच्या बागेत नाहीतर लायब्ररीत बसून अ‍ॅप्लाय करतो, संध्याकाळी घरी. किती दिवस चालेल असं? (चिंचवड)

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचल्यापासून तो डबा भरून देणाऱ्या तुमच्या बायकोचा विचार माझ्या मनातून जात नाहीये. तुम्ही निदान दिवसभर बाहेर असता, ती सासऱ्यांसमोर आणि मुलांसमोर दिवसभर खोटं सांभाळत घरात असते. म्हणून या आठवड्यातच सांगा. वडिलांची तब्येत हे न सांगण्याचं कारण वाटतंय पण मला ते सांगण्याचं कारण वाटतं, कारण बागेत तुम्हाला कोणीतरी ओळखीचं बघणारच आणि मग ही बातमी त्यांना खाली कट्ट्यावर कळणार, ते जास्त वाईट.

रात्री नको, सकाळी चहानंतर सांगा. गोल गोल न बोलता, "बाबा, कंपनीने माणसं कमी केली, त्यात माझंही काम गेलं. अमुक महिने घर चालेल एवढे पैसे आहेत, तुमच्या औषधांचे आणि पोरांच्या फीचे वेगळे ठेवलेत, आणि मी शोधतोय." म्हाताऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो तो औषधं आणि फी याच दोन गोष्टींनी, त्या त्यांनी विचारायच्या आत सांगून टाका. मुलांना त्याच दिवशी, थोडक्यात.

मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. फार वाईट दिवस होते, कित्येक जण परत कधी गिरणीत गेलेच नाहीत, बायकांनी खानावळी चालवून आणि मिळेल ते काम करून घरं ओढली. पण डबा घेऊन खोटं बाहेर पडायची वेळ कोणावर आली नाही कारण शेजारच्या खोलीतही तेच चाललं होतं. आता माणसं एकेकटी काढतात, केबिनमध्ये बोलावून, राजीनामा लिहून घेऊन, म्हणजे कागदावर तर असं दिसतं की यांनीच सोडली. त्यामुळे जी गोष्ट कंपनीची आहे तिची लाज एकट्या माणसाच्या वाट्याला येते. ती तुमची नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

आणि लपवण्याचा खरा तोटा वेगळाच आहे. तुम्ही अकरा वर्षं परचेसला होता, म्हणजे भोसरी-चाकणच्या किती वर्कशॉपवाल्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये असतील. कोणाचं कास्टिंग चांगलं, कोण वेळेवर माल देतो, कोणाचा रेट किती खाली येतो हे तुम्हाला पाठ असणार. या लहान मालकांना अशा माणसाची गरज असते, पण तुम्ही त्यांना फोनच करू शकत नाही कारण केला की कळेल! सगळ्यात जवळची दारं तुम्ही स्वतःच बंद करून बागेत बसून पोर्टलवर अ‍ॅप्लाय करताय. घरी सांगितलंत की पहिले फोन यांनाच करा. "काही असेल तर सांगा" असा मेसेज नको, तो वाचून माणूस सोडून देतो. काय काम केलंय, कसला माल घेत होता, एसएपी (खरेदी-हिशोबाचं सॉफ्टवेअर) येतं का, तळेगाव रांजणगावला जायची तयारी आहे का, हे चार ओळीत लिहा म्हणजे वाचणाऱ्याला तुमच्यासाठी कोणाला फोन करायचा ते कळेल.

एक राहिलंच, ग्रॅच्युइटी, म्हणजे बरीच वर्षं काम केल्याबद्दल नोकरी सुटताना कंपनीने द्यायची रक्कम. राजीनामा लिहून घेतला असला तरी पाच वर्षं सलग झालेल्या माणसाला ती मिळते. शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), त्याला १५ ने गुणून २६ ने भागा आणि मग वर्षांनी गुणा. कंपनीने ३० दिवसांत द्यायची असते, तुमचे ते दिवस कधीच उलटलेत, मिळाली नसेल तर लेखी मागा.

प्रश्न : नोकरी सुटली, पीएफ सगळा काढून टाकू का? मित्र म्हणतो नियम बदलले, आता मिळतच नाही. (सातपूर, नाशिक)

उत्तर : मिळतच नाही असं नाहीये. जुन्या नियमात एक महिना बेकार राहिल्यावर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले काढता यायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, विश्वस्त मंडळाने ठरवलं की ७५ टक्के लगेच आणि राहिलेले २५ टक्के १२ महिने बेकार राहिल्यावर. पीएफबरोबर जमा होणाऱ्या पेन्शनचे पैसे काढायला तर दोन महिन्यांच्या जागी ३६ महिने. अर्ज भरायच्या आधी पोर्टलवर त्या दिवशी काय लागू आहे ते बघून घ्या, मित्राच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

पण सगळा काढू का, याला माझं उत्तर नाही असंच आहे. घराचा तीन-चार महिन्यांचा खर्च काढा, तेवढेच घ्या. नोकरी गेली म्हणून खात्यावरचं व्याज लगेच थांबत नाही. पाच वर्षं व्हायच्या आत काढलात आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर टीडीएस कापतात. आणि पेन्शनसाठी १० वर्षांची नोकरी मोजतात, पेन्शनचे पैसे उचललेत की आधीची वर्षं गेली, पुढच्या कंपनीत पुन्हा पहिल्यापासून. आणखी एक गोष्ट जी लोकांच्या लक्षातच येत नाही, कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. ज्यांचे अजून नोटिशीचे दिवस चालू आहेत त्यांनी शेवटच्या दिवसाच्या आधी त्याच विमा कंपनीला स्वतःच्या पॉलिसीत बदलून द्याल का म्हणून विचारा. घरात शुगर-बीपीची माणसं असतील तर हे पीएफच्या आधी करा.

प्रश्न : ताई, मेकॅनिकल केलंय, २६ वर्षांचा आहे, पहिली नोकरी गेल्यापासून घरीच. वेळच वेळ आहे पण काहीच होत नाही. ऑनलाइन कोर्स घेतला तो तसाच पडलाय, आणलेली पुस्तकं उघडली नाहीत, नोकरी असताना रात्री जागून वाचायचो. आई म्हणते आळशी झालास. खरंच झालोय का? (सांगली)

उत्तर : नाही रे, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारियेन्थाल नावाचं एक छोटं गाव होतं, सगळं गाव एका कापडाच्या कारखान्यावर जगायचं. मंदीत तो कारखाना बंद पडला आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा ही मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन बारकाईने अभ्यास केला, तो १९३३ ला छापून आला. सगळ्यांना वाटलं होतं की एवढा वेळ मिळाल्यावर माणसं वाचतील, सभांना जातील. झालं उलटं. गावच्या लायब्ररीतून पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं, तेही फी काढून टाकलेली असताना! अभ्यास करणारे खिडकीत बसून बघायचे तर रस्त्याने जाणारे पुरुष आधीपेक्षा सावकाश चालायचे, मधेच थांबायचे. बहुतेकांनी घड्याळ वापरणंच सोडलं होतं. दिवसभरात काय केलं हे लिहून दे म्हटल्यावर एकाने दहा ते अकराच्या पुढे नुसतं लिहिलं, तेवढ्यात दुपार होते.

तुझाच दिवस आहे ना हा? कालपर्यंत कारखान्यात राबणारं अख्खं गाव एका वर्षात आळशी कसं होईल? दिवसाला बाहेरून जो आकार येतो, शिफ्ट, डब्याची वेळ, कोणीतरी आपली वाट बघतंय ही जाणीव, तो गेला की मोकळा वेळ उपयोगाचा राहत नाही. त्याच गावात बायकांचं असं झालं नाही कारण त्यांच्यामागे स्वैपाक-धुणं-पोरं होतीच, त्या नुसत्या दमलेल्या होत्या.

म्हणून कोर्स पूर्ण करायचा निश्चय वगैरे आता नको, अशा निश्चयांनी अजून अपराधी वाटतं. त्याच्याऐवजी असं काहीतरी पत्कर ज्यात तू गेला नाहीस तर दुसऱ्याचं अडेल. शेजारच्या दहावीच्या पोरांना रोज संध्याकाळी गणित शिकव, एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस ड्रॉइंग काढायला जा, पैसे थोडे मिळाले तरी चालतील. घरात रात्रीचा स्वैपाक पूर्ण तुझ्याकडे घे, आईला मदत म्हणून नाही, भाजी आणण्यापासून ओटा पुसेपर्यंत. नोकरी शोधणं फक्त सकाळी, दुपारी फोन बाजूला. आणि रविवारी काहीही शोधायचं नाही, सुट्टी म्हणजे सुट्टी. आईला मारियेन्थालची गोष्ट नक्की सांग.

प्रश्न : परभणीची आहे, पाच वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी केली, आता २९ पूर्ण. दोनदा प्रीलिम निघाली, मेन्स राहिली. प्रायव्हेट नोकरी बघतेय पण सीव्हीत ही पाच वर्षं काय दाखवू? मैत्रीण म्हणते कुठल्यातरी क्लासचं एक्सपीरियन्स लेटर घे. गावाकडे अजून अभ्यास चालू आहे असंच सांगितलंय.

उत्तर : खोटं लेटर अजिबात नको, बॅकग्राउंड चेकमध्ये सापडलं तर हातात आलेली नोकरी जाते. सरळ लिही, स्पर्धा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, अमुक साल ते अमुक साल, राज्यसेवा पूर्व दोनदा उत्तीर्ण, मुख्य परीक्षा दिली. प्रीलिम निघणं किती अवघड आहे हे महाराष्ट्रात कोणाला सांगावं लागत नाही. इंटरव्ह्यूत एक प्रश्न हमखास येणार, परत परीक्षेला बसणार का? त्याचं खरं उत्तर आधी स्वतःशी ठरव. वयाची अट खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, त्यामुळे "अजून वय आहे ना" असं म्हणणारे तुला दहा वर्षं भेटत राहतील. वय शिल्लक आहे एवढ्यावर आयुष्याची आणखी वर्षं द्यायची नसतात असं मला वाटतं.

तुला शासन निर्णय वाचता येतात, कायद्याची भाषा कळते, मराठीत नीट मसुदा लिहिता येतो. सामाजिक संस्थांचं डॉक्युमेंटेशन, सीएसआर प्रोजेक्ट, न्यूज डेस्क, भाषांतर, क्लासेसचं कंटेंट, इथे हे लागतं. २०२४ ला सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही बघ, त्यात पदवीधरांना महिना १०,००० विद्यावेतन ठरवलं होतं, पण त्यातून पुढे कायम होण्याची हमी नाही हे धरून चाल. गावाकडे वडिलांना मात्र स्वतः जाऊन सांग, फोनवर नको. ते पैसे पाठवतायत, त्यांना हिशोब कळायचा हक्क आहे, आणि बहुतेक वेळा असं होतं की त्यांनाही कधीपासून विचारायचं असतं, तुला वाईट वाटेल म्हणून गप्प असतात.

प्रश्न : मुलगा दीड वर्ष घरी आहे. आता टेलिग्रामवर एका एजंटने थायलंडला डेटा एंट्रीचं काम देतो म्हटलंय, पगार ८० हजार, टुरिस्ट व्हिसावर जायचं आणि कोणाला सांगायचं नाही म्हणे. आधी दीड लाख मागतोय. पोरगा हट्टाला पेटलाय, त्याच्या वडिलांना माहिती नाही. (जालना)

उत्तर : ताई, पैसे देऊ नका आणि त्याला जाऊ देऊ नका. डेटा एंट्रीला कोणी ८० हजार देत नाही, आणि नोकरीला टुरिस्ट व्हिसावर कोणी नेत नाही. अशीच थायलंडची कामं सांगून नेलेल्या मुलांना पुढे सीमेपलीकडे म्यानमारमध्ये म्यावड्डी भागात कोंडून, फोनवरून लोकांना फसवायचं काम करायला लावलं जातं. तिथे अडकलेल्या शेकडो भारतीयांना २०२५ मध्ये सरकारला परत आणावं लागलं. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटची सरकारकडे नोंदणी लागते, ती ई-मायग्रेटच्या वेबसाइटवर बघता येते, आणि नोंदणी असलेला एजंटही ३०,००० आणि त्यावरचा जीएसटी, याच्यापेक्षा जास्त फी घेऊ शकत नाही. मुलाला ओरडू नका, शेजारी बसवून ती वेबसाइट उघडा आणि त्या एजंटचं नाव त्यालाच शोधू द्या. थोडे पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन करा, जितका उशीर तितके ते परत मिळणं अवघड.

आणि आज रात्रीच त्याच्या वडिलांना सांगा, पासपोर्टही त्यांच्याकडेच ठेवायला द्या.