विद्यापीठाच्या हॅम रेडिओ (हौशी बिनतारी संदेशवहन) क्लबमध्ये नेमकं काय करतात? परवाना नसेल तर जाऊन उपयोग आहे का?

आहे की! प्रक्षेपणाला परवाना लागतो. पण क्लबमधला निम्मा वेळ तसाही ऐकण्यात आणि तारा ओढण्यात जातो.

माझ्या मते खरं शिक्षण अँटेना बांधताना होतं. 14.2 मेगाहर्ट्झचा डायपोल (दोन सारख्या तारांचा साधा अँटेना) करायचा तर 143 ला 14.2 ने भागा: साधारण 10 मीटर तार, मधोमध कापून दोन बाजूंना पाच-पाच मीटर. सुरुवातीला वीतभर जास्तच ठेवा आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा) बघत थोडी थोडी छाटा. जमिनीपासूनची उंची बदलली की आकडे बदलतात, तेव्हा पुस्तकातला इम्पिडन्स (उलटसुलट वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) पहिल्यांदा डोक्यात शिरतो.

बाकी लपवलेला ट्रान्समीटर शोधायची ‘फॉक्स हंट’ असते, स्पर्धा असतात, परवाना परीक्षेची तयारीही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून कधीकधी 145.800 मेगाहर्ट्झवर चित्रं येतात, ती साध्या हँडसेटवर पकडता येतात.

तोवर घरबसल्या नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातल्या क्लबचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून चालवता येणारा रेडिओ रिसीव्हर) ब्राउझरमध्ये उघडा. 29 मेगाहर्ट्झपर्यंतचे बँड फुकट ऐकता येतात. मोर्स शिकायचा असेल तर टिंब-रेघांचा तक्ता पाठ करू नका, कानाने शिका.