आम्ही मिशनरी म्हणून तीन वर्षांसाठी मुंबईहून नैरोबीला चाललो आहोत. मुलगी सहावीत, मुलगा पहिलीत. मंडळीतले (आमच्या चर्चमधले) वडीलधारे म्हणतात, आत्तापासून घरात इंग्रजीच बोला, मुलं लवकर रुळतील. खरं आहे का?

नाही. हा सल्ला चुकीचा आहे आणि मंडळ्यांमधून तो वर्षानुवर्षं दिला जातोय, म्हणून हे लांबलचक उत्तर.

इंग्रजी तर शाळाच शिकवेल. नैरोबीत वर्गात दिवसभर इंग्रजी आणि खेळाच्या मैदानावर स्वाहिली, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत दोघंही इंग्रजी बोलण्यात सराईत होतील. मराठी मात्र तिकडे तुमच्या घराबाहेर फारशी कानावर पडणार नाही. आई-बाबांनीच ती सोडली की मुलांची ती गेलीच. लहानपणीची भाषा जितक्या कमी वयात सुटते तितकी ती लवकर विसरली जाते. मुलगी बोलणं विसरणार नाही, लिहिणं अडखळेल. मुलाची गोष्ट जास्त गंभीर आहे. पहिली संपताना त्याची अक्षरं-काना-मात्रा झालीत, जोडाक्षरं अजून कच्ची असणार. या टप्प्यावर वाचन थांबलं तर देवनागरी पाटी जवळपास कोरी होऊ शकते.

म्हणून बालभारतीची दुसरी, तिसरी, चौथीची मराठीची पुस्तकं बॅगेत टाका. पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण लहान मुलासाठी कागदच बरा. दुरेघी वह्या सहा-सात घ्या. रोज वीस मिनिटं पुरेत: दहा मिनिटं मोठ्याने वाचन, पाच ओळी शुद्धलेखन, एक पाढा मराठीत. रविवारी सुट्टी. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत बायबलमधला शास्त्रपाठ मुलांनीच वाचायचा, तोही मराठीतून, आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं म्हणायची. मुलीसाठी ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक ऑनलाइन आहेत. आजीला आठवड्यातून एक चिठ्ठी हाताने लिहून तिचा फोटो पाठवायचा. केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, तिकडचे साडेपाच म्हणजे मुंबईचे आठ. फोनची ही वेळ ठरवून टाका.

दुसऱ्या वर्षात मुलगा मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देऊ लागेल. इथे बहुतेक आई-बाप हार मानतात. रागावू नका, चुका काढू नका. त्याचंच वाक्य सहज मराठीत म्हणा आणि बोलणं पुढे न्या. पाहुण्यांसमोर ‘मराठीत बोलून दाखव’ तर कधीच करू नका, त्याने मूल कायमचं गप्प होतं.

वडीलधाऱ्यांना परतीचा विचारच सुचत नाही, आणि अडचण तिथेच आहे. राज्यातल्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० पासून आहे, मग शाळा कुठल्याही बोर्डाची असो. मराठीतून सूट मिळेल या भरवशावर राहू नका. त्याहून मोठा प्रश्न तुमच्या ‘तीन वर्षां’चा. मुलगी सातवी, आठवी, नववी तिकडे करणार आणि थेट दहावीत परत येणार. थेट दहावीला प्रवेश द्यायला शाळा नाखूश असतात, आणि मिळाला तरी बोर्डाचं वर्ष आणि परतल्याचं दुःख एकदम अंगावर येतं. माझं स्पष्ट मत: एक तर दोन वर्षांनी नववीला परत या, नाहीतर तिची बारावी तिकडेच होऊ द्या. दहावी-बारावी बाहेर केली तर एमबीबीएसच्या राज्य कोट्याचं दार जवळपास बंद होतं, कारण त्यासाठी अधिवासाच्या दाखल्यासोबत दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण लागतात. परदेशी बोर्डाची बारावी घेऊन आलात तर समकक्षता प्रमाणपत्र काढावं लागेल. तुम्हाला पाठवणाऱ्या समितीला हे आत्ताच सांगा.

केनियातल्या शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, ब्रिटिश पद्धतीच्या शाळांचं सप्टेंबरात. तुम्ही मे-जूनमध्ये पोचलात तर पहिल्यांचं वर्ष मध्यावर आणि दुसऱ्यांचं संपत आलेलं असेल आणि शाळा मुलीला अर्धं वर्ष मागे किंवा पुढे बसवेल. कोणत्या इयत्तेत, ते लेखी घ्या.

बाकी तयारी थोडक्यात. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी, कुलाब्याच्या पोर्ट हेल्थ (बंदर आरोग्य) कार्यालयात किंवा सहारच्या एअरपोर्ट हेल्थ (विमानतळ आरोग्य) कार्यालयात. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, पण ते हातातल्या बॅगेत ठेवा. ते नसेल तर भारतात परतताना ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, मुदत बघून घ्या. नैरोबी सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे, जुलैत रात्री थंडी पडते. मुंबईच्या मुलांना स्वेटर लागतील.

आता रडण्याबद्दल. ‘देवाच्या सेवेसाठी चाललोय, रडायचं नाही’ हे वाक्य घरात कुणालाच बोलू देऊ नका, चर्चच्या पाळकसाहेबांनाही नाही. मुलाच्या मनात देव आणि दोस्त सुटल्याचं दुःख यांची गाठ बसते आणि पुढे तो राग उपासनेवर निघतो. दोन संस्कृतींच्या मध्ये वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास १९५० च्या दशकात रूथ आणि जॉन यूसीम यांनी भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांपासून सुरू केला. पुढे डेव्हिड पोलॉक यांनी निघण्याआधीची चार कामं सांगितली: भांडणं मिटवणं, आभार मानणं, निरोप घेणं, पुढच्या जागेचा विचार करणं. सहा आठवडे आधी सुरू करा. वर्गातल्या रुसलेल्या मैत्रिणीशी बोलणं, बाईंना आणि इमारतीच्या वॉचमनकाकांना भेटणं, शिवाजी पार्कला शेवटची चक्कर. खेळणी मुलांना न विचारता संडे स्कूलला वाटून टाकू नका, हे फार घरांत होतं. प्रत्येकाची एक पेटी आजीकडे कुलूप लावून ठेवा आणि किल्ली त्यांच्याकडेच द्या.

मंडळीला पाठवायच्या अहवालात मुलांचे फोटो आणि ‘आमची मुलंही सेवा करतात’ असली वाक्यं मुलीला विचारल्याशिवाय घालू नका. सहावीतल्या मुलीला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

वसतिगृहाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवणारच. मसुरीचं वुडस्टॉक (१८५४), कोडाईकनालची शाळा (१९०१), केनियातली किजाबेची रिफ्ट व्हॅली अकॅडमी (१९०६) अशा शाळांत मिशनऱ्यांच्या पिढ्या शिकल्या, हा दाखला वडीलधारे नेहमी देतात. त्याच पिढ्यांतल्या अनेकांनी मोठेपणी त्या ताटातुटीबद्दल काय सांगितलं, तेही वाचायला हवं. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा दोन वर्षांची होती, आणि पुढे तिच्या धार्मिक संगोपनावरून रमाबाई आणि तिथल्या वॉन्टेजच्या मठातल्या सिस्टर्समध्ये किती ताण झाला, ते पत्रांत आहे. मूल दुसऱ्यांच्या हाती सोपवलं की त्याचा देवही दुसरेच ठरवू लागतात. पहिलीतल्या मुलाला वसतिगृहात ठेवायची अट असेल तर ती नेमणूक घेऊ नका.

मुलगी चौदा-पंधराची झाल्यावर स्वतःहून मागत असेल आणि शाळा घरापासून दोन-तीन तासांवर असेल, तर मात्र विचार करायला हरकत नाही. प्रवेशाचे आणि कोट्याचे नियम बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी शाळाप्रवेशाबद्दल राज्य शिक्षण मंडळाच्या वाशीच्या विभागीय कार्यालयात आणि कोट्याबद्दल राज्याच्या सीईटी सेलकडे एकदा विचारून या.