थिएटरचं काम चालू असताना क्रूझ जहाजावर रुजू व्हावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: क्रूझ जहाजावर स्टेज टेक्निशियनची नोकरी हातात आहे, पण त्याच सुमाराला जहाज ड्राय डॉकमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत जाणार आणि थिएटर नव्यानं होणार. मग डॉकच्या आधी साइन ऑन करावं, म्हणजे जहाजावर रुजू व्हावं, की सगळं आटोपल्यावर?

मी जहाजांवर साउंड आणि व्हिडिओचं काम केलंय, डॉकमध्येही राहिलेय. माझ्या मते आधी जा. आरामाच्या दृष्टीनं मात्र हा सल्ला चुकीचा आहे.

डॉकमध्ये जहाजाखाली पाणीच नसतं. इंजिनं आणि एसीचे चिलर समुद्राच्या पाण्यावर थंड होतात, त्यामुळे वीज किनाऱ्यावरून घ्यावी लागते आणि ती पुरवून वापरावी लागते. एसी बंद, लिफ्ट बंद, काही डेकवरची टॉयलेटं बंद. कार्पेटवर प्लायवूड, त्यावर प्लास्टिक, आणि सगळीकडे गोंदाचा वास. कॅडिझ असो, मार्सेय असो की सिंगापूर, चित्र साधारण हेच. शेकडो कंत्राटी कामगार दिवसरात्र जहाजावर असतात. त्यांना झोपायला केबिन लागतात, म्हणून तुम्हाला वेगळ्या केबिनमध्ये हलवलं तर नवल नाही. हेल्मेट आणि सेफ्टी बूट घातल्याशिवाय कुठे जायचं नाही. २०१९ साली १ एप्रिलला बहामासमधल्या फ्रीपोर्टच्या गोदीत ओॲसिस ऑफ द सीज या क्रूझ जहाजावर क्रेन कोसळली होती, तेव्हा हेल्मेटचा कंटाळा करू नका.

तरीही आधी जा म्हणते, कारण नंतर जे छताच्या आणि भिंतींच्या आड जातं ते तेव्हा उघडं दिसतं. कुठली केबल कुठल्या ट्रेमधून गेली, एलईडी वॉलचे पॉवर सप्लाय कुठे बसवले, नेटवर्कचा स्विच कुठल्या कपाटामागे दडवला, हे डॉकमध्ये पाहिलेल्या माणसाला पुढे मध्यरात्री शोधत बसावं लागत नाही. फोनवर फोटो काढून ठेवा, पण आधी परवानगी घ्या.

किनाऱ्यावरच्या थिएटरात कधी करावी न लागलेली कामंही इथे शिकायला मिळतात. साधी नवी केबल ओढायची म्हटली तरी. जहाज आगीच्या दृष्टीनं उभ्या विभागांत वाटलेलं असतं. दोन विभागांमधल्या पोलादी भिंतीतून केबल न्यायची तर लोखंडी चौकटीतले रबरी ठोकळे सोडवायचे, केबल घालायची, तिच्या जाडीचा ठोकळा निवडायचा आणि सगळं पुन्हा आवळून बंद करायचं. घाईत कुणीतरी तो भाग उघडा ठेवतो आणि वर सीलिंगचं पॅनल चढवतो. मग सर्व्हेयर, म्हणजे जहाजाची सुरक्षा तपासणारा अधिकारी, येतो, टॉर्च घेऊन शिडीवर चढतो, छतात डोकं घालतो आणि नवंकोरं पॅनल खाली उतरवायला लावतो. वेल्डिंगला हॉट वर्क परमिट, म्हणजे ठिणग्या उडणाऱ्या कामाची लेखी परवानगी, आणि शेजारी फायर वॉचचा, म्हणजे आगीवर लक्ष ठेवणारा माणूस हवाच. तो माणूस बऱ्याचदा तुम्हीच असता.

वजनाचंही तेच. जुना सेट काढला, नवी वॉल वरच्या डेकवर चढवली, तर आत-बाहेर जाणाऱ्या वजनाची नोंद ठेवावी लागते. प्रवासी जहाजाच्या रिकाम्या वजनाची तपासणी निदान ५ वर्षांनी एकदा होते. फरक २ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर स्थैर्याची चाचणी पुन्हा करावी लागते. 'एवढासा स्पीकर' म्हणून काही नोंदीतून सुटत नाही.

खरी परीक्षा डॉक सोडल्यावर. गोदीत जहाज ठोकळ्यांवर स्थिर असतं, त्यामुळे सगळं छान चालतं. समुद्रात इंजिनाची थरथर सुरू झाली की ढिले कनेक्टर बोलू लागतात आणि वॉलवर काळे चौकोन दिसू लागतात. जहाज डोलायला लागलं की टांगलेले सेट आणि हवेतले कलाकार थांबवायचे की नाही, याचे नियमही नव्यानं बसवावे लागतात. आणि तोवर कंत्राटदारांपैकी बरेच जण घरी गेलेले असतात! थोडे सोबत प्रवास करतात, पण त्यांच्या हातातली यादी लांब असते.

कामाच्या तासांबाबत मात्र सावध राहा. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार २४ तासांत किमान १० आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. जहाज डॉकमध्ये आहे म्हणून ती माफ होत नाही. न झालेली विश्रांती कागदावर दाखवून सही करायला कुणी सांगितलं, तर करू नका.

होकार कळवण्याआधी ईमेलवर तीन गोष्टी विचारा: डॉकच्या काळात केबिन कुठली, पगार नेहमीचाच का, आणि नव्या यंत्रणेचं प्रशिक्षण उत्पादकाचा माणूस देणार की आधीचा टेक्निशियन जाता जाता सांगणार. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं, तर कंत्राटदार उतरण्याआधी ड्रॉइंग आणि पासवर्ड मिळवायची जबाबदारी तुमच्यावरच येणार असं समजा.