सुई न टोचता ‘ईएमजी नॉर्मल’?

महिनाभर पोटऱ्या फडफडतायत, पापणी लवते, ‘ईएमजी-एनसीव्ही’ (स्नायू आणि नसांची तपासणी) नॉर्मल आली तरी एएलएसची (स्नायू हलवणाऱ्या नसपेशी मरत जाण्याचा गंभीर आजार) भीती जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. हा घोर मला चांगला ओळखीचा आहे. मी डॉक्टर नाही. पण तुमच्या लिहिण्यातलं ‘सुई टोचली नाही, फक्त शॉक दिले’ हे वाक्य खटकलं.

म्हणजे तुमची एनसीव्ही झाली, ईएमजी नाही. एनसीव्हीत कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. एएलएसमध्ये मरतात ते मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसपेशी, त्यामुळे सुरुवातीला एनसीव्ही नॉर्मल येऊ शकते. ईएमजीत बारीक सुई थेट स्नायूत घालतात. स्नायू सैल असताना आणि आवळल्यावर त्यात काय चाललंय ते मशीनवर दिसतं, ऐकूही येतं. इथल्या एका सेंटरने माझ्याकडूनही दोन्हींचे पैसे घेऊन एकच केली. वर काउंटरवरचं उत्तर: ‘नॉर्मल आहे ना, मग कशाला?’ तेव्हा रिपोर्टच्या मथळ्यावर जाऊ नका. आत टिबियालिस अँटिरियर, गॅस्ट्रोक्नेमियस अशी स्नायूंची नावं आणि त्यांच्यापुढे ‘स्पॉन्टेनियस अ‍ॅक्टिव्हिटी’ची (स्नायू सैल असताना त्यात आपोआप काय चाललंय त्याची) नोंद नसेल, तर तो ईएमजीचा रिपोर्टच नव्हे.

म्हणून उद्याच ईएमजीला पळा असंही नाही. न्यूरॉलॉजिस्टने ताकद, रिफ्लेक्स, जीभ नीट तपासून सगळं ठीक म्हटलं, तर बऱ्याच जणांना तिची गरजच पडत नाही. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९३ साली नुसत्या फडफडीच्या १२१ रुग्णांची माहिती छापली. २ ते ३२ वर्षांत त्यांच्यातल्या एकालाही एएलएस झाला नव्हता. खाजगी फी जड वाटत असेल तर मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांत न्यूरॉलॉजी आहे. रांग मोठी, पण तपासणी घाईची नसते, हे माझं मत.

काळजीची लक्षणं वेगळी: बटण लागत नाही, किल्ली फिरत नाही, चालताना चप्पल निसटते, जीभ जड होते, पाणी पिताना ठसका लागतो, अंगठ्याजवळचं मांस उतरतं, आणि हे वाढत जातं. ‘पाय गळाल्यासारखे वाटतात’ हे यात धरू नका. डावा डोळा लवला की उजवा, ते घरच्या मोठ्यांवर सोडा. बहुतेकदा अपुरी झोप आणि दिवसभराचे कटिंग चहा नडतात.

रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ बघून घ्या. दम्याचा सालब्युटामॉल पंप किंवा वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा (परस्पर बंद करू नका). दर तासाला चवड्यांवर उभं राहून ताकद तपासणं मात्र आजच थांबवा, पोटरी त्यानेच जास्त उडते.

ईएमजी ठरलीच तर सीपीकेचं (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) रक्त आधी द्या, सुईने तो आकडा वाढू शकतो. त्या दिवशी अंगाला तेल-क्रीम नको. रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, आणि ‘सुई कोण घालणार, किती स्नायूंत?’ हे पैसे भरण्याआधी विचारा.