वाचकांचे प्रश्न : संगणकाच्या पंख्यांची घरघर

प्रश्न : ब्राउझर उघडला की पंखे एकदम घोंगावतात आणि चार-पाच सेकंदांत शांत होतात. दिवसभर हेच चालते. प्रोसेसरचे तापमान ५० ते ६५ अंश असते. कूलर बिघडला आहे का?

उत्तर : कूलर ठीक आहे, पंख्याच्या वेगाची मांडणी उतावळी आहे. क्षणभर भार आला की चिपचे तापमान सेकंदाच्या आत १०-१५ अंशांनी उसळते, पण हीटसिंकचा, म्हणजे चिपची उष्णता शोषणाऱ्या कूलरच्या भागाचा, धातू इतक्या झटकन तापत नाही. मग त्या क्षणी पंखा पळवून काय मिळणार? कानाला खुपतो तो हाच चढउतार. एका लयीत फिरणारा पंखा थोड्या वेळाने जाणवतही नाही.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, पंख्यांचे पान उघडा. आसूसच्या बोर्डवर ते क्यू-फॅन, गिगाबाइटवर स्मार्ट फॅन, एमएसआयवर हार्डवेअर मॉनिटर या नावाने असते. ६५ अंशांपर्यंत वेग ३५ टक्क्यांवर सपाट ठेवा. ७५ अंशांना ५५ टक्के, ८५ ला ८० आणि ९० ला पूर्ण वेग. वेग वाढण्याआधीचा विलंब देता येत असेल तर ३ ते ५ सेकंद द्या, उतरताना त्याहून जास्त. नंतर अर्धा तास जड काम चालवून तापमान बघा. ८५ च्या खाली स्थिरावले तर मधले आकडे आणखी थोडे उतरवायला जागा आहे. पाण्याचा कूलर असेल तर पंपाला तापमानानुसार वेग ठरवणारी ही रेघ लावू नका. तो कंपनीने सांगितलेल्या स्थिर वेगानेच चालू द्या.

कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानाला जोडण्यात फारसा अर्थ नाही. गेम खेळताना आतली बहुतेक उष्णता ग्राफिक्स कार्ड सोडते, आणि ते तापमान बायोसला सहसा दिसत नाही. विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ हा प्रोग्रॅम त्या तापमानावर पंखे चालवू शकतो. तो बंद पडला तरी भागावे म्हणून बायोसमधली रेघही सुरक्षित ठेवा.

आणि पंख्यांची संख्या वाढवली की आवाज वाढतोच असे नाही. वेग निम्मा केला की त्याच पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने घटतो, हवा मात्र निम्मीच कमी होते. तसाच दुसरा पंखा जोडल्यास ३ डेसिबल वाढतात. म्हणजे १४०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) एका पंख्याऐवजी ७०० चे दोन लावले, तर जवळपास तेवढीच हवा सुमारे १२ डेसिबल कमी आवाजात मिळते.

प्रश्न : नवा पंखा तीन पिनांचा आहे. मदरबोर्डवरच्या चार पिनांच्या हेडरवर (पंखा जोडायच्या जागेवर) लावला, तर तो सतत पूर्ण वेगाने फिरतो. बायोसमध्ये टक्के बदलूनही फरक नाही.

उत्तर : हेडर पीडब्ल्यूएम (संकेताने वेग ठरवणाऱ्या) मोडमध्ये आहे. त्यात पंख्याला कायम १२ व्होल्ट मिळतात आणि वेगाचा हुकूम चौथ्या पिनवरून जातो. तुमच्या पंख्याला ती पिनच नाही. त्या हेडरचा मोड डीसी करा, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त होऊन वेग बदलेल. आता किमान वेग शोधा. पंखा थांबेपर्यंत टक्के उतरवा, मग तो पुन्हा आपोआप सुरू होईपर्यंत चढवा. सुरू व्हायला फिरत राहण्यापेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून दुसरा आकडा धरा आणि त्यावर ५ टक्के ठेवा. हे न केल्यास थंड सकाळी पंखा अडकून बसतो.

प्रश्न : वेग कमी केल्यापासून सुरू करताना प्रोसेसर फॅनची चूक दाखवून संगणक थांबतो.

उत्तर : पंखा बोर्डच्या किमान मर्यादेखाली फिरतो आहे. मर्यादा ६०० वरून ३०० किंवा २०० आरपीएमवर आणा. इशारा पूर्ण बंद करू नका; पंखा खरोखर मेला तर कळायला हवे.

प्रश्न : एका हेडरवर तीन पंखे चालतील का?

उत्तर : बहुतेक हेडर १ अँपिअर देतात. लेबलवरच्या अँपिअरची बेरीज त्याखाली असेल तर एका हेडरचे फाटे करणारी वाय केबल चालते. वेगाचा संकेत मात्र एकाच पंख्याचा बोर्डकडे जाऊ द्या, नाहीतर आरपीएम चुकीचा दिसतो. बेरीज जास्त होत असेल तर थेट पॉवर सप्लायवरून वीज घेणारा हब लावा.