वाचकांचे प्रश्न : नवे ब्रेक पॅड बसवल्यानंतरच्या तक्रारी

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या हॅचबॅकच्या पुढच्या दोन्ही चाकांना नुकतेच नवे ब्रेक पॅड बसवून घेतले. तेव्हापासून सिग्नलपाशी वेग कमी होताना कर्कश आवाज येतो, गाडी डावीकडे ओढते आणि फोर्टला पोहोचेपर्यंत डाव्या चाकापाशी जळका वास सुटतो. गॅरेजवाले म्हणतात, पॅड निकृष्ट निघाले, दुसरे टाकू. पुन्हा खर्च करावा का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : एवढ्यात करू नये. वास आणि ओढ या दोन तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे, आणि ते पॅड ज्यात बसतो त्या कॅलिपरमध्ये असण्याची शक्यता अधिक आहे. आवाजाचा विचार वेगळा करावा लागेल.

गाडी ब्रेक दाबल्यावरच डावीकडे जाते की न दाबताही, हे आधी पाहावे. आपल्याकडील रस्त्यांना पाणी वाहून जाण्यासाठी कडेला उतार दिलेला असतो, त्यामुळे डाव्या बाजूने चालणारी गाडी थोडी डावीकडे झुकणे स्वाभाविकच आहे. मात्र ब्रेक न लावताही ओढ जाणवत असेल आणि तेच चाक तापत असेल, तर पेडल सोडल्यावरही त्या चाकाचा पॅड डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, घासत राहतो, असे समजावे. पंधरा-वीस मिनिटे शक्य तितका कमी ब्रेक वापरून गाडी चालवावी, थांबल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ तळहात न्यावा आणि फरक पाहावा. डिस्कला हात लावू नये, भाजेल.

आता ही तक्रार नेमकी नव्या पॅडनंतरच का उपटली, ते पाहू. जुने पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा, पॅडला डिस्कवर दाबणारा पिस्टन बाहेर येत जातो. नवा जाड पॅड बसवण्यासाठी तो पूर्ण आत दाबावा लागतो, आणि त्या वेळी त्याचा वर्षानुवर्षे बाहेर राहिलेला, धुळीने व गंजाने खरबरीत झालेला भाग रबरी सीलमध्ये शिरतो. पेडल सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे घेण्याचे काम हीच सील आपल्या लवचिकतेने करते. तिथे अडथळा आला की पॅड डिस्कपासून सुटत नाही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्या गाड्यांत हा गंज लवकर धरतो. दुसरी जागा म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाईड पिना. अनेक गाड्यांत दोनपैकी एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असते आणि पिनांची जागा ठरलेली असते. घाईत त्यांची अदलाबदल झाली किंवा त्या कोरड्याच बसवल्या, तर कॅलिपर अडकतो. तिथे ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीसच हवे, कारण साध्या ग्रीसमुळे रबर फुगते. तिसरी जागा ब्रॅकेटची, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या चौकटीची, खाच : स्टीलच्या क्लिपखाली गंजाचा थर साचला की नव्या पॅडचे कान (दोन्ही टोके) तिथे घट्ट बसतात. खाच तारेच्या ब्रशने स्वच्छ केल्यावर पॅड बोटांनी सहज सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर काम चुकले आहे.

दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्याची एक जुनी, खात्रीची रीत आपल्या मेकॅनिकला करायला सांगावी. चाक जॅकवर उचलून ब्रेक दाबावा व सोडावा. चाक हाताने फिरत नसेल, तर कॅलिपरची निपल (ऑइल व एअर बाहेर काढण्याचा छोटा स्क्रू) किंचित उघडावी. थोडे ऑइल बाहेर येऊन चाक लगेच मोकळे झाले, तर दाब मागे अडकून राहिला होता, आणि तक्रार एकाच चाकाची असल्यामुळे त्या चाकाकडे ब्रेक ऑइल नेणारा रबरी होस आतून फुगला असावा. निपल उघडूनही चाक जखडलेलेच राहिले, तर पिस्टन, पिना किंवा खाच यांपैकीच काहीतरी अडले आहे. निपल उघडल्यावर ब्रेकमधील एअर पुन्हा काढून घ्यावी.

आवाजाबाबत : पॅडच्या पाठीमागची, आवाज दाबणारी पातळ पट्टी म्हणजे शिम काढून टाकली आहे का, क्लिपा जुन्याच वापरल्या आहेत का आणि डिस्कच्या कडेला उंचवटा आला आहे का, हे पाहावे. पॅडची धातूची पाठ डिस्ककडे करून बसवल्याचे प्रकारही गॅरेजांत घडतात, हे हसण्यावारी नेऊ नये. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा सकाळच्या पहिल्या काही ब्रेकपुरता येणारा घर्रर्र आवाज हा डिस्कवरच्या गंजाचा असतो. त्याची चिंता नको.

शिवाय नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. दुरुस्तीनंतर एखाद्या रविवारी भल्या पहाटे ऐरोली पुलापलीकडच्या रुंद रस्त्यांवर, मागे वाहन नसताना, ताशी सुमारे 50 किलोमीटरवरून 10 पर्यंत मध्यम ब्रेकने वेग उतरवावा, मध्ये डिस्क थंड होऊ द्यावी आणि हे वीस-पंचवीस वेळा करावे. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवू नये. डावा पॅड आधीच जळून काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, तर मात्र दोन्ही चाकांचे पॅड बदलणे भाग आहे, पण कॅलिपर सुधारल्यानंतरच.

प्रश्न : नव्या पॅडनंतर पूर्व मुक्त मार्गावर ब्रेक लावताच स्टिअरिंग थरथरते. मेकॅनिक डिस्क लेथवर घासून घ्या म्हणतो.
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : आधी डिस्क काढून तिच्या व हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) मधला गंज साफ करावा आणि चाकाचे नट एकाआड एक, सारख्या ताकदीने आवळावेत, एअर गनने एकाच बाजूने करकचून आवळल्यानेही डिस्क तिरकी बसते. नंतर डायल गेजने तिची डुलण मोजावी. बहुतेक गाड्यांत ती मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असावी लागते. घासायची वेळ आलीच, तर डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीखाली ती जाता कामा नये. जोरात ब्रेक दाबल्यावर फक्त पेडलच धडधडत असेल, तर ते एबीएसचे, म्हणजे चाक जखडू न देणाऱ्या यंत्रणेचे, काम आहे.

प्रश्न : पॅड बदलून गाडी गॅरेजमधून बाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर पेडल तळाला गेले. नंतर ठीक झाले. काही दोष राहिला असेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : पिस्टन आत दाबल्यावर पेडल चार-सहा वेळा पंप करून तो पॅडला टेकवावा लागतो, ते गॅरेजमध्येच व्हायला हवे होते. आता गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून पेडल स्थिर दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात राहिले, तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ऑइल पुढे ढकलणारा भाग) तपासून घेईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. स्पंजसारखे लागले, तर आत एअर आहे. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुने असेल, तर एअर काढतानाच तेही बदलून घ्यावे, कारण ते हवेतील ओलावा शोषते : डॉट 4 दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ठरवलेली किमान मर्यादा 155 आहे.